तपास अजून चालू आहे

पेशव्यांच्या घरातल्या खुनाला अडीचशे वर्षं उलटली, तरी पुण्यात तपास थांबलेला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. शास्त्रीबुवांचं काम झालं; हौशी मंडळींचं व्हायचंय.

रविवारी वाड्यातल्या नारायण दरवाज्यापाशी जरा थांबावं. आनंदीबाईंनी पत्रातल्या ‘ध’चा ‘मा’ कसा केला, हे एखादा बाप पोरांना असं रंगवून सांगतो, जणू दौत यानेच धरली होती! तसं अस्सल पत्र इतिहासकारांच्या हाती लागलेलं नाही, ही किरकोळ बाब.

मग गाडी थोरल्या बाजीरावांवर घसरते. १७४० मध्ये रावेरखेडीला ते तापाने गेले. कट्ट्यावरचं निदान मात्र दारू. त्यांच्या मद्यपानाची कुजबुज त्यांच्या हयातीतही होतीच म्हणा. पण १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडणाऱ्या माणसाचे डावपेच कुणालाच आठवत नाहीत, पेले मात्र सगळ्यांनी मोजलेले.

१७९५ मध्ये याच वाड्यात वरून पडून सवाई माधवराव गेले. अपघात की आत्महत्या? तो खटला सुरू होईपर्यंत पार्किंगवाला शिट्टी मारतो.