धक्के आणि श्वास

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाकडे समाज दोन दृष्टींनी पाहतो. नवी घेण्याची त्याची ऐपत नसावी अशी ज्यांची समजूत असते ते त्याची कीव करतात. आणि ऐपत असूनही तो घेत नाही हे ज्यांना ठाऊक असते ते त्याच्यापासून चार हात दूर राहतात. बंगळुरात हा दुसरा वर्ग मोठा आहे आणि माझे सर्व शेजारी त्यातच मोडतात.

वस्तुतः जुना माल हातोहात फिरण्याची या नगरीस चांगली सवय आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने ती केंपेगौडांकडून घेतली व पुढे शहाजीराजांना जहागीर म्हणून दिली. शहाजीराजांमागे तंजावरास गादी स्थापून बसलेल्या व्यंकोजीराजांना इतक्या लांबून तिची निगराणी परवडेना, म्हणून विक्रीची बोलणी सुरू झाली. बोलणी चालू असतानाच मोगली फौजेने ती हस्तगत केली. आणि अखेर १६८७ साली ती तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांच्या पदरी पडली. जे शहरच असे मालकांमागून मालक बदलत, देखभालीच्या खर्चास कंटाळलेल्या धन्याकडून दुसऱ्याकडे गेले, त्या शहरात वीस वर्षांहून जुन्या मारुती झेनबद्दल संकोच बाळगण्यास मला तरी सबळ कारण दिसत नाही.

ही झेन १९९३ मध्ये बाजारात आली आणि २००६ पर्यंत बनत राहिली. माझ्याकडे आहे ती शेवटच्या काही वर्षांतली, ९९३ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमान्वये खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते आणि तपासणीत उतरल्यास पुढे पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. मी स्वतः हिशेबखात्यात उभी हयात काढून साठाव्या वर्षी नारळ घेऊन घरी आलो असता, माझ्या मोटारीस मात्र सरकारने रीतसर मुदतवाढीचा दाखला द्यावा, ही गोष्ट मनाला लागली हे खरे. पण तिच्या सेवेत आपलेही निवृत्तिजीवन सार्थकी लावावे असा निश्चय मी त्याच दिवशी केला.

निश्चय करण्यापूर्वी कायदा पाहणे हा माझा जुना परिपाठ. त्याच अधिनियमाचे कलम ५२ असे सांगते की, निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येणार नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा पुनरुच्चारही केला आहे. या कलमाचे मनन करून मी माझ्या नियोजित कार्याचे दोन विभाग पाडले. कुजलेल्या जागी तसाच नवा भाग बसविणे हा जीर्णोद्धार, त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. दुसरा विभाग उत्कर्षाचा. तो बेताने आणि केव्हाही पूर्ववत् करता येईल अशा रीतीने करावयाचा. सस्पेन्शन पहिल्या विभागात पडले आणि इंजिनाचा श्वासमार्ग, म्हणजे एअर इनटेक, दुसऱ्यात. या दोन कामांच्या स्वभावात केवढे अंतर आहे हे मला पुढे उमगले, आणि त्याचेच निवेदन येथे कर्तव्य आहे.

बंगळुरात सस्पेन्शनचे महत्त्व कोणास समजावून द्यावे लागत नाही. भारतीय रस्ते महासभेच्या, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या, मार्गदर्शिकेत गतिरोधकाचे माप दिले आहे: रुंदी ३·७ मीटर, उंची दहा सेंटिमीटर, आणि पंचवीस किलोमीटरच्या वेगाने सुखरूप ओलांडता यावा असा त्याचा गोलावा. आमच्या परिसरातील गतिरोधक, ज्यांना येथे सर्व जण ‘हंप’ म्हणतात, ते कोणत्या अज्ञात उपकारकर्त्याने रातोरात घातले हे कळावयास मार्ग नाही. परंतु या पुस्तिकेशी त्या सद्गृहस्थाची ओळख नसावी एवढे निश्चित. खड्ड्यांविषयी तर बोलणेच नको. बादल नंजुंडस्वामी नावाच्या कलावंताने २०१५ साली सुलतानपाळ्याच्या रस्त्यातील खड्ड्यात मगर सोडली—अर्थात कृत्रिम—आणि २०१९ च्या सप्टेंबरात, चांद्रयान-२ चे अवतरण काही दिवसांवर आले असता, हेरोहळ्ळीच्या एका रस्त्यावर अंतराळवीराच्या पोषाखातील माणूस चालवून असे चित्रण केले की पाहणारास तो चंद्रावरच चालतो आहे असे वाटावे. ज्या शहरात अंतराळ संशोधनाचे मुख्यालय आहे तेथे चंद्रपृष्ठाचीही घरपोच सोय असावी, हे योग्यच झाले.

अशा भूमीवर माझी झेन ब्रेक दाबताच डाव्या अंगाने ‘खट्’ असा उद्गार काढू लागली. या गाडीच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे स्ट्रट आहेत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर यांना एकाच खांबात गुंफून ही रचना सिद्ध केली. खालून चाकास एक आडवा लोअर आर्म धरतो, आणि झेनमध्ये हा आर्म पुढेमागे सरकू नये याची जबाबदारी अँटिरोल बारवरच टाकलेली आहे. वळणावर गाडी कलू न देणे हे त्या बारचे मूळ काम. त्यावर हे जादा काम. आणि दोन्ही कामे अखेर पेल्याएवढ्याही नसलेल्या रबरी बुशांच्या आधारे. सरकारी कचेरीत एकाच कारकुनाकडे दोन टेबले दिली म्हणजे जे होते तेच येथे झाले होते: रबर फाटले होते आणि चाक ब्रेकसरशी मागे सरकत होते.

बुश आणण्यासाठी मी जे. सी. रोड, म्हणजे जयचामराजेंद्र वोडेयरांच्या नावाच्या त्या रस्त्यावर गेलो, जेथे मोटारीचा असा एकही अवयव नाही की जो कोणत्या ना कोणत्या दुकानी मिळत नाही. दुकानदाराने ‘कंपनीचा की लोकल?’ एवढेच विचारून माझी आर्थिक कुंडली मांडली. तेथून शिवाजीनगरच्या गुजरीत एका वयोवृद्ध मिस्त्रीकडे स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मागितला, तेव्हा त्याने मला आपादमस्तक न्याहाळून म्हटले, ‘‘कायकू साब इत्ती मेहनत? हमना देव, शाम तक करके देतूं.’’ मी त्यास नम्रपणे सांगितले की शामपर्यंत काम होणे हा माझा हेतूच नाही. त्यावर तो काही बोलला नाही. पण कॉम्प्रेसर देताना त्याने अनामत रक्कम दुप्पट घेतली.

त्याची काळजी अनाठायी नव्हती. दाबलेली स्प्रिंग ही अत्यंत मानी वस्तू आहे. दोन आकडे समोरासमोर लावून, एकदा हा, एकदा तो, असे आळीपाळीने आवळीत तिला पुरती नमवावी लागते, आणि तोपर्यंत स्ट्रटच्या माथ्यावरील नटास हात लावणे म्हणजे स्वर्गाच्या दिशेने अर्ज करणे होय. गाडीही नुसत्या जॅकवर सोडायची नाही. खाली भक्कम घोड्या लावल्याखेरीज अंग आत घालायचे नाही. एवढे यमनियम मी पाळीत असता वरच्या मजल्यावरील संगणक अभियंता कॉफीचा पेला घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘अंकल, स्प्रिंगचं एक वेटोळं कापून टाका. गाडी खाली बसते, स्पोर्टी दिसते.’’ मी त्यास समजावले की वेटोळी जितकी कमी तितकी स्प्रिंग ताठर, तेव्हा कापलेली स्प्रिंग गाडीला एकाच वेळी बुटकी आणि हट्टी करते. आणि आपल्या दारातील हंपाची उंची पाहता बुटक्या गाडीचे पोट त्यावर विसावेल व ती पुढेही जाणार नाही, मागेही. तो विचारात पडला. त्याच्या स्वतःच्या गाडीचे प्रकरण काही तसेच झाले होते, असे मागाहून पहारेकऱ्याकडून कळले.

या कामातील खरी विद्या शेवटच्या पान्यात आहे. नवे बुश बसवून नट आवळायचे ते गाडी घोड्यांवर असताना नव्हे, तर चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार पडल्यावर. कारण बुशातील रबर ज्या स्थितीत आवळावे ती त्याची स्वस्थ स्थिती ठरते, आणि चाक लोंबकळत असता आवळले तर ते जन्मभर पिळलेल्या अवस्थेत राहून अकाली फाटते. ही गोष्ट मला कळली तेव्हा अनेक परिचित संसारांवरही प्रकाश पडला, परंतु तो विषय वेगळा.

फळ मात्र हातोहात मिळाले. पहिल्याच हंपावर ‘खट्’ हा उद्गार नाहीसा झाला. आणि त्याच्या आड इतकी वर्षे दबून राहिलेली सर्व मंडळी बोलू लागली. डॅशबोर्ड कुरकुरू लागला, डिकीचा खटका टिकटिकू लागला, मागील आसनाखाली कसलीशी गोटी घरंगळू लागली. एवढेच नव्हे, तर माझे स्वतःचे भाषण मागे बसलेल्या पाहुण्यांना आता स्पष्ट ऐकू जाऊ लागले, आणि त्यांच्यापैकी काहींनी आडून आडून जुन्या बुशांची चौकशी केली.

आता दुसरा विभाग. इंजिन श्वास घेते तो बॉनेटखालील उकाड्यात. तो बाहेरून गार आणि मोकळा मिळाला तर अश्वशक्ती वाढते, असे या पंथाचे मूलतत्त्व. त्याची सामग्री म्हणजे मूळ काळ्या डब्यातील कागदी फिल्टरऐवजी तांबडा, शंकूच्या आकाराचा, तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर, आणि हवा आणण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसीचा पाइप, जो इतरत्र सांडपाणी वाहून नेण्याच्या कामी येतो. मी हे सारे जेवणाच्या मेजावर मांडून ठेवले असता आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविण्यात तीन दशके घालविली, चष्मा लावून पुढे आल्या.

‘‘अहो, हवा तीन अंशांनी गार झाली की तिची घनता शेकडा एकाने वाढते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दहा अंश गार हवा आणलीत, शेकडा तीन मिळवलेत. आपण समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर राहतो. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा शेकडा दहाने कमी. म्हणजे मुळातच दहाच्या तोट्यात आहात. एवढी हौस असेल तर हा पाइप परत करा आणि गाडी गिरगावात नेऊन ठेवा.’’

हिशेबखात्यातील मनुष्यास शेकडेवारीने हरविणे हा अन्याय होता. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. थ्रॉटल पूर्ण उघडा असता आणि मिनिटास दोन हजार फेऱ्या होत असता हे इंजिन हिशेबाने मिनिटाला सुमारे हजार लिटर हवा ओढते. परंतु शहरात थ्रॉटल किंचितच उघडलेला असतो, आणि हवेला खरी आडकाठी होते ती त्याचीच. दार आपणच लोटून घेऊन खिडकीच्या जाळीतून वारा येत नाही म्हणून जाळी बदलण्यासारखे हे झाले, असा निकाल देऊन त्यांनी मेज जेवणासाठी मोकळे करून मागितले.

मी माघार घेतली नाही, कारण श्रद्धेचे काम आकडेमोडीपाशी अडत नाही. मूळ डबा, नळी आणि तिच्या अंगास चिकटलेली ती पोकळ पेटी मी जपून माळ्यावर ठेवली. त्या पेटीस रेझोनेटर म्हणतात. हेल्महोल्ट्झ या एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञाने पोकळ पात्रातील नादाचा जो अभ्यास केला, त्याच तत्त्वावर ती इंजिनाच्या श्वासाचा घोष गिळून टाकते. ती काढताच झेनच्या कंठातून असा गंभीर नाद उमटू लागला की आमचा पहारेकरी, जो आजवर बसूनच हात हलवीत असे, तो उठून उभा राहू लागला. पाइपचे तोंड मात्र मी बंपरापाशी न ठेवता दिव्यामागे उंचावर ठेवले. सप्टेंबर २०२२ च्या पावसात आउटर रिंग रोड आणि बेळ्ळंदूरच्या बाजूस जे पाणी भरले, ज्यातून लोक ट्रॅक्टरवर बसून कचेरीस गेले, ते माझ्या स्मरणात होते. आणि इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले तर ते पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, हे मला ठाऊक होते.

शक्ती वाढली काय? येथे या नगरीचे माझ्यावरील उपकार सांगितले पाहिजेत. माझ्या इंजिनाची साठ अश्वशक्ती मिनिटास सहा हजार फेऱ्यांवर प्रकट होते आणि श्वासमार्गाचा जो काही लाभ व्हावयाचा तो त्याच उंच टप्प्यावर. टॉमटॉम या संस्थेच्या गणतीप्रमाणे २०२३ साली बंगळुरात दहा किलोमीटर जाण्यास सरासरी अठ्ठावीस मिनिटांहून अधिक वेळ लागे. म्हणजे ताशी एकवीस किलोमीटर. सहा हजार फेऱ्यांचा प्रदेश माझ्या मोटारीस अटकेपार आहे. तिची शक्ती वाढलेली नाही असे सिद्ध करण्यास जो निघेल त्यास प्रथम हे शहर रिकामे करावे लागेल, आणि तेवढा वशिला आमच्या ओळखीत कोणाचाच नाही.

गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात चार मंडळी जमली की मला माझ्या मोटारीविषयी विचारतात, आणि विचारतात ते नेहमी त्या तांबड्या फिल्टरबद्दल. त्यावर माझे मत आहे, त्यांचे मत आहे, सौभाग्यवतींचा आकडा आहे. चहाचे दोन फेरे सहज होतात. रबरी बुशांबद्दल अद्याप कोणी चकार शब्द काढलेला नाही. जे काम दर दहा पावलांस परीक्षा देते आणि उत्तीर्ण होते, त्यावर बोलावयाचे ते काय? तेव्हा माझ्या अनुभवाचा सारांश असा की, ज्यास घरी सुखरूप पोहोचावयाचे आहे त्याने बुश बदलावेत, ज्यास पोहोचल्यावर बोलावयाचे आहे त्याने श्वासमार्ग बदलावा, आणि ज्यास आपले बोलणे कधीही खोटे पडू नये असे वाटते त्याने बंगळुरातच बिऱ्हाड करावे.