कलम ६६-अ, तुझा हिशेब अजून चुकता झालेला नाही

कलम ६६-अ यास,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. तुला ते लिहवत नाही.

डिसेंबर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती संसदेत चर्चेविना मंजूर झाली आणि त्या घाईत तू आत शिरलंस. नेटवरचा मजकूर कुणाला आक्षेपार्ह वाटला, कुणाला चीड आली, कुणाची गैरसोय झाली, की तीन वर्षांपर्यंत कैद. चीड कुणाची, गैरसोय कसली, हे तू कुठेच सांगितलं नाहीस. ते ठरवायचं काम तू पोलीस ठाण्यावर सोडलंस आणि ठाण्याने बाहेर जमलेल्या जमावावर.

पालघर आठवतं? नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर सगळं बंद होतं. हा बंद कशासाठी, असं एका मुलीने फेसबुकवर विचारलं. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. जमावाने त्या मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला आणि पोलिसांनी आधी उचललं ते या दोघींना. ती पोस्ट ज्यांना पटली नाही, त्यांना खाली उत्तर लिहिता आलं असतं. तू उत्तराच्या जागी फौजदार आणून बसवलास.

त्याच वर्षी जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींवर राजद्रोहाच्या जोडीला तूही होतंस. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, तू त्याच्या हाताशी हजर.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. श्रेया सिंघल ही तरुणी ती चढली, म्हणून २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुला घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरीही ठाण्यांत तुझ्याखाली गुन्हे नोंदवणं थांबलं नाही. या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका, असं ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाला पुन्हा बजावावं लागलं. मेलेल्या कलमाखाली माणसं सात वर्षं भरडली गेली, त्याचा जाब कुणी दिला?

तू लावलेली सवय तर अजून गेलेली नाही. २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून, आपल्या कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी हे ठरवण्याचा अधिकार आपल्याच पथकाला देऊ केला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश! मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली.

धमकी देणाऱ्याला, दंगल भडकवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. त्यासाठी वेगळे कायदे आहेत. पण सत्तेला बोचेल असं बोलणं हा गुन्हा नाही, तो नागरिकाचा हक्क आहे. तुझ्या वळणाचा प्रत्येक नवा मसुदा आम्ही ओळ न् ओळ वाचू. संसदेत चर्चा झाली नाही, तर चौकात करू. आणि वेळ आली, तर कोर्टाची पायरी आम्हीही चढू.

एक नागरिक