दिवे कमी, फेडर बरा

डीजेचा स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून काढलेला आवाज, शिकायचा म्हणून कंट्रोलर पाहायला गेलेल्या पोराला दुकानदार सगळ्यात आधी दिवे दाखवतो. हिरवे, निळे, गुलाबी, दाबले की उड्या मारणारे. मग इफेक्ट दाखवतो. मग एका पॅडवर बोट ठेवून म्हणतो, "हा घ्या स्क्रॅच." आणि खरंच वाजतो. पोराचा हात अजून खिशातच असतो.

दुकानदाराला कशाला बोल लावायचा? पायोनियर कंपनीने 2018 साली डीडीजे-एसबी3 नावाचा कंट्रोलर काढला, त्यात ही सोय कंपनीनेच घालून दिली होती. फिलाडेल्फियाचा डीजे जॅझी जेफ हा या विद्येतला मोठा उस्ताद. त्याच्या हातचे आठ स्क्रॅच आठ पॅडांत भरून ठेवले. बोट ठेवा, जेफ हजर. तबल्याच्या क्लासात पहिल्या दिवशी थिरकवाँसाहेबांची रेकॉर्ड लावायची आणि "झालं तुझं, फी भर" म्हणायचं, तशातला प्रकार.

हे आठवायचं कारण म्हणजे रिद्धपूरच्या एका पोट्ट्याचा फोन. "भाऊ, स्क्रॅच शिक्याले कोनतं मशीन घेऊ?" मी विचारलं, बजेट किती? तर म्हणे, "बाबा म्हनते, मृगाचा बार चांगला गेला त देतो." मोर्शी तालुक्यात बजेट असं संत्र्याच्या झाडावर लागलेलं असतं. व्यापारी बगीच्यात येईपर्यंत किंमत ठरत नाही. तोवर आपण मशीन ठरवू, असं मी त्याला म्हटलं.

आता रिद्धपुरात स्क्रॅच कशाला, असं कोणी नाक मुरडेल. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांची काशी. म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं ते इथे. 2023 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठ जाहीर झालं तेही इथलंच. अशा गावात ही काय किरकिर? पण लग्नाच्या गाण्यांचा विषय निघाला तर या गावाइतका जुना हक्क कोणाचा आहे? तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या लग्नाची लीळा झाली तेव्हा महदाइसेने इथेच धवळे रचले. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. प्रभूंनी सांगितलं, बाईने रचलं, असं परंपरा मानते. मराठीतल्या आद्य कवयित्रीची कविता लग्नाच्या मांडवातली आहे, ही गोष्ट मराठीच्या पेपरात येते, वरातीत येत नाही.

वरातीत ट्रॉली येते. ट्रॅक्टरमागे बेसच्या पेट्यांची भिंत, वर टॉप, मागे जनरेटर, आणि त्या सगळ्या डोलाऱ्याच्या पोटात एक लॅपटॉप, त्याला एक पेन ड्राइव्ह. ऑपरेटर गाणं लावतो आणि नवरदेवाच्या मामाकडे पाहत उभा राहतो, कारण पुढचं गाणं मामा सांगणार. याच अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपुराला आपण रुक्मिणीचं माहेर म्हणतो. आज कृष्ण रथ घेऊन आला तरी ट्रॉलीच्या मागे दोन तास अडकेल. शिशुपाल पायी गाठेल त्याला.

म्हणून माझं मत सरळ आहे, आणि ते बऱ्याच जणांना वाकडं वाटेल. डीजेच्या सगळ्या कारभारात जागच्या जागी, हाताने काही घडत असेल तर ते स्क्रॅचमध्येच. बाकीचं काम बीट जुळवण्याचं, आणि ते आता सिंकचं बटण करतं. महदाइसेच्या जवळ कोण, ट्रॉलीचा मालक की घरात बसून 'आऽ' एवढ्या एका आवाजाचे शंभर तुकडे पाडणारं हे पोट्टं? मी पोट्ट्याच्या बाजूने. महानुभाव मंडळींनी रागावू नये, मी फक्त जवळ म्हटलं.

शिवाय स्क्रॅचचा जन्मच आवाज कमी करण्यातून झाला आहे. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात थिओडोर लिव्हिंग्स्टन नावाचा शाळकरी पोरगा खोलीत रेकॉर्डी वाजवत होता. आई दारात आली आणि आवाजावरून ओरडली. तिचं बोलणं ऐकायला त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली, आणि आई बोलत असताना हात मागेपुढे होत राहिला. कानात खर्र-खर्र आलं. पुढे जग त्याला ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणू लागलं. 1983 मध्ये हर्बी हँकॉकच्या 'रॉकिट'मधून हा आवाज घराघरांत गेला. मुद्दा काय, तर आईने दारात उभं राहून ओरडणं ही या विद्येची दीक्षा आहे. रिद्धपुरात त्याची टंचाई नाही.

बरं, मशीन. पहिलं पाहायचं ते क्रॉसफेडर. मधला आडवा दांडा. ट्रॉलीवाल्याने त्याला वर्षात हात लावलेला नसतो आणि स्क्रॅचवाल्याचा हात त्यावरून उठत नाही. तो लोण्यासारखा सैल हवा, आणि कडेपासून केसभर सरकला की आवाज पूर्ण उघडला पाहिजे. स्वस्त मशीनवर दांडा बराच सरकला तरी आवाज हळूहळू पाहुण्यासारखा आत येतो. तसलं चालत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये फेडरचा कर्व्ह बदलून 'शार्प' करता येतो का, ते दुकानातच विचारा. साध्या फेडरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातू घासतो, तो झिजतो. चुंबकावर चालणारा असेल तर घासायला काही नसतं, पण तो महाग मशीनवर. आणि आपल्याकडे कापसाच्या हंगामात घरात जे तरंगत असतं ते सगळ्यात आधी त्या फटीतच जाऊन बसतं. मशीनवर झाकण घ्या. नसेल तर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा उत्तम.

दुसरं, जॉग. म्हणजे हाताखालचं चाक. इथे थोडं गणित आहे, कंटाळू नका. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. कंट्रोलरचं सॉफ्टवेअरही साधारण हाच हिशेब धरतं. अर्ध्या सेकंदाचा आवाज म्हणजे 100 अंशांचा तुकडा. बारा इंची रेकॉर्डच्या कडेला तो वीतभराहून थोडा जास्त भरतो, सहा इंची चाकावर निम्माच. तेवढ्यात हात मागेपुढे करायचा. चाक जितकं मोठं तितकी चूक लहान. बशीएवढ्या चाकावर शिकलेले लोकही आहेत, पण त्यांना दुसरा काही उद्योग नव्हता.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ती विकता येत नाही. हात हलल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. लॅपटॉपवर ऑडिओचा बफर 1024 सॅम्पल ठेवला तर तेवीस मिलिसेकंद नुसते त्यातच जातात, 128 वर आणला तर तीन. तेवीसला हात एक म्हणतो, कान दुसरं म्हणतो. आणि ब्लूटूथ स्पीकर? तो शेकडो मिलिसेकंदांत बोलतो. पोट्टं म्हणालं, "माह्याजोळ मोठा ब्लूटूथ हाय, लय वाजते." वाजू दे, पण स्क्रॅच करायला वायरचाच हेडफोन लाव. लग्नघरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पंगत उठल्यावर मिळालं तर काय उपयोग?

नावंच हवी असतील तर ही घ्या. पायोनियरने 2022 च्या सुरुवातीला डीडीजे-रेव्ह1 काढला, तेव्हा किंमत 259 डॉलर होती. त्यात टेम्पोचे दांडे वरच्या बाजूला आडवे टाकले आहेत, म्हणजे चाकापासून फेडरपर्यंत जाताना हाताला काही आडवं येत नाही. जुने स्क्रॅचवाले याचसाठी टेक्निक्सचा टर्नटेबल नव्वद अंशांत फिरवून ठेवत. चाकंही त्या एसबी3 पेक्षा मोठी. शिकायला हा पुरतो. त्याच कंपनीचा एफएलएक्स4 मिक्सिंगला बरा, स्क्रॅचपुरता कामचलाऊ. आणि रेन कंपनीचा रेन वन. 2020 मध्ये आला तेव्हा 1499 डॉलर, सात इंची चाकं मोटरवर स्वतः फिरतात, फेडर चुंबकाचा. वाजवून पाहिला तर बाकीची मशीनं खेळणी वाटतील. म्हणूनच वाजवून पाहू नका. त्याला एक मृग पुरत नाही, दोन-तीन आंबिया बारही घालावे लागतात.

एक आडवाटेची चीज म्हणजे नुमार्कचा पीटी01 स्क्रॅच. हातात धरून न्यायचा छोटा टर्नटेबल, बॅटरीवर चालतो, स्क्रॅचसाठी त्यावरच सरकती कळ. आपल्याकडे वीज जाते तेव्हा सगळी ट्रॉली मुकी आणि हा चालू, हे चित्र मला फार आवडतं. पण त्याला रेकॉर्डी लागतात, आणि अमरावतीत स्क्रॅचची रेकॉर्ड मागितली तर दुकानदार मोबाइलचा टेम्पर्ड ग्लास दाखवेल.

पोट्ट्याने शेवटी विचारलं, "मंग पयल्या महिन्यात काय शिकू?" बेबी स्क्रॅच. एक हात, एक चाक, पुढे-मागे, तालात. फेडरला हातच लावायचा नाही. म्हणजे ज्या फेडरवरून मी इतकं डोकं खाल्लं त्याची गरज दुसऱ्या महिन्यात. मित्राचं कोणतंही जुनं मशीन महिनाभर मागून आण, तालात हात बसला तर बाबाला बगीचा दाखव, नाही बसला तर बाबाचे पैसे वाचले. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, हेडफोनला नाही. गल्लीत या एकाच डीजेची तक्रार कोणी करणार नाही.

दुकानात मात्र एक परीक्षा घ्यायचीच. लॅपटॉप आपला न्यायचा, 'आऽ' असा एकच आवाज लावायचा, डावा हात चाकावर, उजवा फेडरवर, आणि दिवे सगळे बंद करायला सांगायचे. दुकानदार "डेमो पीस आहे, हात लावू नका" म्हणाला तर चहा पिऊन निघायचं. आणि शिकून झाल्यावर वरातीची सुपारी आली तर कंट्रोलर घरीच ठेव बाबा, पेन ड्राइव्ह घेऊन जा. मामाला स्क्रॅच ऐकू आला की तो म्हणेल, कॅसेट अडकली वाटते.