ऑडिशनची ‘फी’ घेणाऱ्या कास्टिंगवाल्या साहेबांना

साहेब,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तुम्हाला तो घालावा असं तुम्ही काही केलेलं नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

नाशिकच्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेतल्या एका पोराला तुमचा मेसेज आला : ‘अभिनंदन! वेबसीरिजसाठी तुमचं सिलेक्शन झालं आहे.’ ना त्याचा आवाज ऐकलात, ना त्याला चालताना पाहिलंत. नुसत्या फोटोवरून नट ओळखलात, केवढी ही पारख! पाठोपाठ क्यूआर कोड आला. आधी रजिस्ट्रेशन, मग आर्टिस्ट कार्ड, मग पोर्टफोलिओ, शेवटी ‘कॉस्च्युम डिपॉझिट, शूटिंगनंतर परत’. डिपॉझिट भरलं आणि तुमचा फोन बंद झाला.

हा पोरगा कोण, ते ऐका. सातपूरच्या कारखान्यात पाळीवर काम करतो आणि रात्री तालमीला येतो. सुट्टी टाकून सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडतो आणि अंधेरीच्या आरामनगरात ऑडिशनच्या रांगेत उभा राहतो. नंबर आला की कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची. डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल. तासाभरापूर्वी हातात पडलेला सीन दोन मिनिटांत करून दाखवायचा. मग ‘कळवतो’. ‘लूक जुळत नाही’, ‘हिंदीला मराठी वळण आहे’, असे नकार त्याने कितीदा ऐकलेत. तरी दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर, रात्री तालमीला हजर. ते नकार खरे होते, म्हणून त्याने पचवले. त्याच्या वाट्याला आलेला पहिला होकार तुमचा, आणि तोच खोटा निघाला.

तुम्ही ज्या गावात गिऱ्हाइकं शोधता, त्या गावाचा इतिहास तरी ठाऊक आहे का? दादासाहेब फाळके इथल्याच त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना तारामती मिळेना. सिनेमात तोंड दाखवायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले. तिथे त्यांना महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. बायकोचे दागिने गहाण टाकून चित्रपट काढणारा माणूस नटाला पगार वाढवून देत होता! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये तो चित्रपट लागला. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. या धंद्याची पहिली रीत ही आहे, साहेब : काम देणारा पैसे देतो, काम करणारा घेतो. तुम्ही ती उलटी केलीत.

उलटी करणं तुम्हाला जमतं, कारण या धंद्यात वाट फार पाहावी लागते. नवाजुद्दीन सिद्दीकी १९९९च्या ‘सरफरोश’मध्ये एका छोट्या प्रसंगात दिसला. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ आला २०१२ साली. मधली तेरा वर्षं हा माणूस बारीकसारीक कामं करत टिकून राहिला. आमच्या नाशिकच्या अनिता दातेचं नाव घरोघरी पोचलं ते २०१६ साली सुरू झालेल्या मालिकेतल्या राधिकेमुळे, पण त्याआधीचं तिचं रंगभूमीवरचं काम नाटकवाल्यांना ठाऊक होतं. एवढी कळ काढताना कुणीही नट कुठल्या ना कुठल्या क्षणी हळवा होतो. तुम्ही नेमका तोच क्षण गाठता.

पैसे गेले, ते तो ओव्हरटाइम करून फेडील. त्याहून मोठं नुकसान तुम्हाला कळणार नाही. मागच्या आठवड्यात एका खऱ्या कास्टिंग डायरेक्टरच्या ऑफिसातून त्याला बोलावणं आलं. वडील म्हणाले, ‘सगळे चोर असतात, जायचं नाही.’ तो गेला नाही. जी भूमिका कदाचित त्याची होती, ती तुम्ही पळवलीत. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे. या चोरीला कुठलं कलम लावायचं?

आता चार शब्द आपल्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. ऑडिशन द्यायला पैसे लागत नाहीत. निवड झाल्यावरही नटाने पैसे भरायचे नसतात. कुणी मागितले तर एक रुपयाही देऊ नका. दिले असतील तर लाजू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि मेसेज, क्यूआर कोड, पावत्या जपून ठेवा. आणि खरं बोलावणं आलं, तर पोराला जाऊ द्या.