जानेवारीचं गिऱ्हाईक

भोंगवलीत त्याला खऱ्या नावानं हाक मारणारी दोनच माणसं उरली आहेत. एक त्याची आजी आणि दुसरा कंपनीतला टाइमकीपर. बाकी गाव त्याला 'येतोय' म्हणतं. २०२० सालापासून त्याला कुणीही विचारलं, "काय रं, घेतला का लॅपटॉप?" की तो खिशातून मोबाइल काढतो, अंगठ्यानं पडदा तीन-चारदा वर सरकवतो आणि म्हणतो, "नवीन येतोय." विचारणाऱ्यानं नुसतं बोलायचं म्हणून विचारलेलं असतं. तो पुढं निघतो. हाही त्याच्याबरोबर निघतो आणि जो येतोय त्याचा पडदा किती इंची, किती हर्ट्झचा, बॅटरी किती वॅट-अवरची, हे त्याला घरापर्यंत सोडत सांगतो.

भोर तालुका म्हटलं की लोकांना भाटघरचं धरण आणि घाटातला पाऊस आठवतो. आमचा पूर्वेकडचा पट्टा त्या मानानं कोरडा. पण पुणे-सातारा महामार्ग जवळ, आणि नीरा ओलांडली की शिरवळची कारखानदारी. त्यामुळं गावातली निम्मी तरुण पोरं शिफ्टला. 'येतोय'ही त्यातलाच. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, सीएनसी मशीनवर उभा असतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडंतिकडं झाला की पार्ट बाद, या शिस्तीत दिवसाचे आठ तास काढणाऱ्या माणसाला दुकानदाराचं "एकदम फास्ट चालतो, डोळे झाकून घ्या" हे वाक्य कसं पटावं? तो विचारतो, "फास्ट म्हणजे किती?" इथून पुढं विक्री होत नाही.

त्याला साधा लॅपटॉप नकोय. गेमिंगचा हवाय, आणि गेमिंगचा असून लहान हवाय. सगळी गोम इथंच आहे. गेम पळवायचा तर दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, कार्ड पळालं की तापतं, आणि ताप बाहेर काढायला पंखे, तांब्याच्या नळ्या, मोकळी जागा लागते. म्हणजे ताकद हवी तर अंग मोठं हवं. 'येतोय'ला ताकद पूर्ण हवी आणि अंग चौदा इंची. जगातल्या निम्म्या कंपन्या याच खटाटोपात आहेत, त्यामुळं त्याला आपण एकटे आहोत असं कधी वाटत नाही.

प्रेम जडलं ते जानेवारी २०२० मध्ये. अमेरिकेत लास व्हेगासला दर जानेवारीत सीईएस नावाचं इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं. त्यात आसुस कंपनीनं झेफिरस जी-१४ हा लॅपटॉप दाखवला. चौदा इंचांत राइझनचा आठ कोअरचा प्रोसेसर, आरटीएक्स २०६० कार्ड, आणि वजन साधारण १.६ किलो. तोवर असली ताकद म्हणजे खांदा दुखवणारं प्रकरण. हा रात्रभर झोपला नाही. पैशांची जुळवाजुळव सुरू झाली, आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. सगळं जग वेबकॅमसमोर बसलं, आणि त्या जी-१४ ला वेबकॅमच नव्हता! 'येतोय' घरोघर सांगत फिरला (मास्क लावून), "बघा, घाई केली असती तर?"

थांबण्याचा हा त्याचा पहिला विजय. तिथून थांबणं हेच त्याचं कसब झालं.

पुढचा सगळा इतिहास त्याच्या तोंडूनच ऐकावा. "२०२१ ला घेणारच होतो काका, पण चिपचा तुटवडा पडला आणि वर ते इथेरियमवाले कार्डं पोत्यानं उचलायला लागले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं कार्डावरचं मायनिंगच बंद केलं, म्हटलं आता भाव उतरतील, तर कार्डांची नवीन ४० सिरीज तोंडावर आली. २०२३ ला ती घेणार, तर ३ ऑगस्टला सरकारनं लॅपटॉपच्या आयातीला परवाना लावला. नंतर सैल केलं म्हणा. २०२४ ला जी-१४ ला ओएलईडी पडदा आला, वजन दीड किलोवर आलं, पण रॅम बोर्डालाच सोल्डर! आधीच्याला निदान एक स्लॉट होता. आता सोळा जीबी घेतला की जन्मभर सोळाच. असा कसा घ्यायचा?"

यातलं एकही कारण खोटं नाही. तारखासुद्धा बरोबर असतात. त्यामुळं त्याच्याशी वाद घालता येत नाही, फक्त चहा मागवता येतो.

वजनाच्या बाबतीत तो किती गंभीर आहे हे गावच्या किराणा दुकानानं पाहिलंय. कंपनीच्या बसनं जाताना-येताना लॅपटॉप खांद्यावर राहणार, तेव्हा किती भार सोसतो ते आधी कळायला नको? एका रविवारी त्यानं दुकानदाराला दीड किलो साखर तोलायला लावली. पुडा पाठीवरच्या बॅगेत घातला, गावाला एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "आता अडीच करा." अडीच किलो म्हणजे सोळा इंची भारी मॉडेल. परत फेरी. मग अडॅप्टरची सातशे ग्रॅम डाळ वेगळी. दुकानदारानं घाम पुसत विचारलं, "साखर घेणार हैस का?" "नाही ओ, वजन बघतोय." शेवटी रेझर ब्लेड १४ चं १.७८ किलो तोलायची वेळ आली, तेव्हा दुकानदारानं काट्यावर फडकं टाकलं. 'येतोय'च्या आईनं त्या दिवशी शरमेपोटी दोन किलो साखर विकत आणली. त्या साखरेला कोणत्या मॉडेलचं वजन म्हणायचं हे अजून ठरलेलं नाही.

ती बॅग मात्र खरी आहे. खास चौदा इंची लॅपटॉपची, आतून मखमल लावलेली. सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून घेतली. तसाच माउस घेतला, उंदराच्या मानानं पुष्कळ बटणांचा. खालून वारा घालणारा कूलिंग पॅड घेतला, तो उन्हाळ्यात आजीच्या पायाशी लावतात. बॅगेतून रोज दोन कप्प्यांचा डबा शिरवळला जातो आणि परत येतो. गेम तो खेळतो मोबाइलवर, कोपऱ्यातून काच तडकलेल्या. आता घेणारच आहोत मोठं काहीतरी, मग मोबाइलवर कशाला खर्च?

घरात त्याची विद्या एकाच माणसाला कळते, त्याच्या आजोबांना. आबा शर्यतीच्या बैलांतले जुने दर्दी. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा ते आठ दिवस नीट जेवले नव्हते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा पेढे वाटले. एका संध्याकाळी ओट्यावर नातू आबांना वॅटेजचं प्रकरण समजावत होता. आरटीएक्स ४०६० नावाचं एकच कार्ड, पण कंपनी त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. खोक्यावर नाव ४०६० च. बारीक लॅपटॉपमध्ये बहुतेकदा वीज कमी देतात, मग तेच कार्ड रडत चालतं.

आबांनी तंबाखू मळणं थांबवलं. "म्हंजी एकाच वळूची दोन खोंडं. एकाला सरकी पेंड, दुसऱ्याला नुसता कडबा."

"बरोबर."

"आन बाजारात दोन्हीचं नाव येकच?"

"एकच."

"मग दात मोजून काय उपेग? खुराक इचारायचा."

'येतोय'नं आजोबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. जगभरचे परीक्षक व्हिडिओत अर्धा अर्धा तास सांगतात ते आबांनी चार शब्दांत उरकलं होतं. मग त्याला जोर चढला. डेस्कटॉपच्या ५०७० कार्डाला १२ जीबी मेमरी आणि लॅपटॉपच्या ५०७० ला ८, नाव मात्र तेच, हेही त्यानं सांगितलं. "ही तर लबाडी," आबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पर मला सांग, शर्यतीचा बैल घिऊन तू करणार काय? नांगराला लावणार?" यावर 'येतोय' मोबाइल चार्जिंगला लावायला आत गेला.

जानेवारीत तो वेगळाच माणूस असतो. ६ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी लास व्हेगासला ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग चकचकीत कातडी जाकीट घालून व्यासपीठावर आले, तेव्हा आमच्याकडं ७ तारखेची सकाळ उजाडली होती आणि 'येतोय' डेअरीवर कॅन घेऊन रांगेत होता. एका हातात कॅन, दुसऱ्यात ह्वांग. नंबर आला तरी त्याला भान नाही. ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी, असं ह्वांग म्हणाले आणि हा ओरडला. सेक्रेटरीच्या हातातली दुधाची बाटली हिंदकळली. काय झालं म्हणून विचारल्यावर यानं रांगेलाच समजावलं की नवीन तंत्रात पडद्यावरच्या चार चित्रांपैकी कार्ड एकच नीट काढतं, उरलेली तीन आपल्या बुद्धीनं भरतं.

"म्हणजे तीन खोटी?" सेक्रेटरी.

"खोटी नाहीत ओ आण्णा, अंदाजाची."

सेक्रेटरीनं त्याच्या दुधाचा फॅट दोनदा तपासला.

याच माणसाचा बाकीच्यांना किती उपयोग होतो, हे मात्र सांगायलाच हवं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. हा आधीपासून सांगत होता, थांबा, दर उतरणार. चुलत्यांनी ट्रॅक्टर घ्यायचा ठरवला होता, ते थांबले. ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, घसघशीत पैसे वाचले, अंगणात हार घातलेला ट्रॅक्टर उभा राहिला. मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ वर आले. लॅपटॉपचं काय? तो आधीपासूनच १८ वर होता, तिथंच राहिला. चुलत्यांनी पेढा देताना विचारलंच, "आन तुझा?" 'येतोय' काय म्हणाला ते लिहायची गरज नाही.

त्या वर्षअखेरीला तर नशिबानं चेष्टाच केली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा खेचून घेतल्या, रॅमचे भाव भडकले, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पाच वर्षं भाव उतरायची वाट पाहणाऱ्याला हे वाचून रडू यायला हवं. 'येतोय'चा चेहरा उजळला होता. का नाही उजळणार? थांबायला नवं, भक्कम, जागतिक कारण मिळालं होतं.

लग्न ठरायला लागलंय त्याचं. बैठकीत मुलाची काही अट आहे का, असं पाहुण्यांनी विचारलं. सगळ्यांना वाटलं हुंड्याबिंड्याचं काही बोलतो की काय. तो म्हणाला, "तारीख फक्त जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नको." भटजींनी पंचांगातून मान वर न करता सांगितलं की संक्रांतीपर्यंत धनुर्मास, त्या आठवड्यात मुहूर्त नसतोच. धर्मशास्त्र आणि सीईएस यांचं असं जमलेलं पाहून तो इतका खूश झाला की मुलगी काय शिकली हे विचारायचं विसरला. ती कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. तिच्याकडं लॅपटॉप आहे, साधा, चार वर्षं चाललेला, आणि तिचं म्हणणं अजून चांगला चालतो. हे पाहुण्यांनी सहज सांगितलं, तेव्हा 'येतोय'नं पहिल्यांदाच तिच्याबद्दल एक प्रश्न विचारला: "रॅम किती?"

माझं मत विचाराल तर त्याला लॅपटॉप नकोच आहे. दीड-दोन लाख मोजून एखादा घेतला, तर दुसऱ्या दिवशी तो जुना, आणि हा त्या जुन्याचा मालक. आज जगात जेवढे लॅपटॉप यायचे बाकी आहेत ते सगळे त्याचे आहेत. गावात ज्यांनी ज्यांनी त्याला विचारून खरेदी केली, त्यांतल्या एकाचीही फसगत झालेली मी पाहिली नाही. दवाखान्यातल्या सिस्टरच्या मुलीला त्यानं गेमिंगचा घेऊच दिला नाही. "तुला ऑफिसचं काम, अभ्यास, तुला पंखे कशाला?" म्हणून जवळपास निम्म्या किमतीत हलका आणि भरपूर रॅमचा घेऊन दिला. स्वतःला सोडून सगळ्यांची गरज त्याला अचूक कळते.

तेव्हा तुमच्या घरात लॅपटॉप घ्यायचा असेल तर असा एखादा 'येतोय' गाठा. तुमच्याही गावात असेलच. कार्ड किती वॅटचं, रॅम सोल्डर आहे की स्लॉट, पडदा किती टक्के रंग दाखवतो, हे तो फुकटात आणि खरं सांगेल. फक्त "आत्ता घेऊ का?" हे त्याला चुकूनही विचारू नका.