धुऱ्यावरचा शास्त्रज्ञ

पीएच.डी. करणारं पोट्टं सुटीत गावी आलं की त्याला काय करतोस म्हणून विचारू नये. विचारलं की बस चुकते. आष्टीतही असा एक नमुना मे महिन्यात पुण्याहून येतो. तळेगाव ते आष्टी एवढ्या अंतरात शेजारच्या सीटवरच्याला स्फटिकांची पुरती ओळख झालेली असते.

नमुन्याची खूण सोपी. त्याला वस्तूत रस नसतो. दोन वस्तू जिथं एकमेकींना टेकतात, त्या जागेत असतो. चहात बुडवलेला टोस्ट तो खात नाही, ओल कुठवर चढली ते पाहत बसतो.

पारावर कुणीतरी चूक केलीच. "बाबू, तू नेमका काय शिकून राह्यला?"

मग दोन पदार्थ आले, लँथनम ॲल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट. दोन्ही विद्युतरोधक, करंटचं नाव नाही. २००४ साली ओटोमो आणि ह्वांग यांनी एकावर दुसऱ्याचा पातळ थर चढवला, आणि जिथं दोन्ही टेकले होते तिथून इलेक्ट्रॉन धावू लागले. पुढं कळलं की वरच्या स्फटिकाचे तीन थर होईस्तोवर चकार शब्द नाही. चौथा चढला की करंट सुरू. चारही मिळून जाडी दीड नॅनोमीटर. "मीटरचे शंभर कोटी भाग करा काकाजी, त्यातले दीड."

काकाजींनी बिडी विझवली. "हे तं आपल्या धुऱ्यासारखंच झालं. दोघंही आपापल्या वावरात गरीब गाय. धुऱ्यावर आले का फौजदारी."

नमुन्यानं हे वहीत उतरवून घेतलं. तसं ते चुकीचंही नव्हतं. ते इलेक्ट्रॉन आले कुठून, वरच्या थरांतल्या विद्युतभारानं खाली लोटले की ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहिल्या म्हणून सुटले, यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. तिथं तर मोजणीही रोज होते, तरी मिटत नाही.

मग एका सकाळी बापाच्या संत्र्याच्या बागेतला सोलर पंप बंद पडला. वायरमन येईपर्यंत नमुन्यानं पॅनेलपुढं वर्ग भरवला. सिलिकॉनच्या एका बाजूला बोरॉन मिसळलेलं, दुसऱ्या बाजूला फॉस्फरस. दोघांच्या धुऱ्यावर आपोआप विद्युतक्षेत्र उभं राहतं आणि उन्हानं सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना एका दिशेला हाकतं. धुराच नसता तर कितीही ऊन पडो, मोटर फिरली नसती. हर्बर्ट क्रोमर यांना २००० साली नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी व्याख्यानात हेच सांगितलं, की खरं उपकरण म्हणजे ही टेकण्याची जागाच. बाप ऐकत होता. डोळे मात्र माना टाकलेल्या झाडांकडे.

वायरमन आला. दोन पॅनेलांमधला ढिला कनेक्टर त्यानं काढला, काळा पडलेला पाहून नवा बसवला. पाणी आलं.

दुसरा कुणी वरमला असता. हा नाचला. "पाह्यलं बाबा? पॅनेलात काही नव्हतं, पंपातही नव्हतं. बिघाड मधातच होता!"

बापानं मुकाट्यानं वायरमनचे पैसे मोजले. पोराचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. प्रबंध मात्र अजून जमा झालेला नाही, आणि पंपाच्या आसपास फिरकायला त्याला घरून बंदी आहे.