श्रीमान अनुभवसंपन्न उमेदवार यांस



नगरपरिषदेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यापासून गावातील प्रत्येक विजेच्या खांबावर, आणि ज्या खांबांवर कित्येक वर्षांत दिवा लागलेला नाही त्यांवर तर विशेष ठळकपणे, ‘पंचवीस वर्षांचा दांडगा अनुभव’ ही अक्षरे आपल्या हसतमुख छायाचित्राखाली झळकत आहेत. यंदा मतदाराने सदस्यांसाठी दोन आणि नगराध्यक्षासाठी एक अशी तीन मते द्यावयाची असल्यामुळे, त्यांतील नगराध्यक्षाचे मत आपल्याच पदरात का टाकावे याविषयी घरपट्टी नियमित भरणाऱ्या एका रहिवाशाने जो विचार केला, तो आपल्या कानी घालणे उचित होईल असे वाटते.

प्रथम एक गोष्ट निःसंकोचपणे मान्य करतो की, नगरपालिकेचा कारभार हे नवख्या इसमाचे काम नव्हे. आपल्या आळीतील पन्नास हात गटार बांधावयाचे म्हटले, तरी दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभाचा आदेश, मग मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि सरतेशेवटी देयक, एवढ्या घाटांवरून त्या गटाराला उतरावे लागते. त्यांतील कोणत्या मेजावर कागद अडला आहे हे हुडकण्यातच नव्या सदस्याची पहिली दोन वर्षे खर्ची पडतात, आणि ते हुडकून होते न होते तोच शासनाने पाठविलेले मुख्याधिकारी बदलून जातात व दफ्तराचा सारा इतिहास एखाद्या वरिष्ठ लिपिकाच्या स्मरणशक्तीवर सोपविला जातो. अशा संस्थेत कोणीतरी सगळे आठवणारा हवाच. आपल्याला सगळे आठवते. कोणत्या ठेकेदाराला कितव्यांदा मुदतवाढ दिली, कोणता रस्ता कोणत्या पावसाळ्यात वाहून गेला आणि त्याचे देयक त्या पावसाळ्याच्या किती आधी निघाले होते, हे आपल्याइतके अचूक सांगणारा दुसरा गृहस्थ या गावात नाही. मात्र आपण ते कधी सांगत नाही, हा आपल्या स्वभावातील संयम होय.

आपल्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या ठायी हा संयम यत्किंचितही नाही. परवाच्या कोपरासभेत त्यांनी अंदाजपत्रकातील आरंभीची शिल्लक आणि मागील वर्षाची अखेरची शिल्लक यांत तफावत का, असा प्रश्न भर रस्त्यात विचारला. ज्या बाईंना नगरपरिषदेच्या सभागृहात एकदाही बसण्याचा योग आला नाही, त्यांनी नगरपरिषदेचे अंदाजपत्रक वाचून काढावे, हा अननुभवाचा याहून ढळढळीत पुरावा कोणता? अनुभवी सदस्य अंदाजपत्रक वाचीत नाही. तो ते मंजूर करतो. सभेची विषयपत्रिका हाती पडावी, तिच्यावर नसलेले विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी’ यावेत, सूचक व अनुमोदक यांची नावे आधीच टंकलिखित असावीत, आणि चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी सारे ठराव सर्वानुमते संमत व्हावेत, ही जी कार्यपद्धती आपण वर्षानुवर्षे जोपासली, तिचा या बाईंच्या हातून पहिल्याच सभेत विध्वंस होईल अशी धास्ती मला वाटते.

आपल्या अनुभवाचा आणखी एक चमत्कार असा की, तो हस्तांतरणीय आहे. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि एका सोडतीत आपला प्रभाग महिलेसाठी निघाला, तेव्हा आपला अनुभव कोणत्याही नोंदणीवाचून वहिनींच्या नावे वर्ग झाला, आणि पाच वर्षे त्यांच्या सह्या व आपले भाषण अशा सुरेख श्रमविभागाने प्रभागाचे प्रतिनिधित्व चालले. मध्यंतरी एक विघ्न आले खरे. वहिनींनी पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक व पंपाच्या दुरुस्तीची देयके स्वतः मागवून, घरी आणून, रात्री चष्मा लावून वाचली आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला न विचारता सभेत दोन प्रश्न केले. त्या दोन प्रश्नांनंतर टाकीच्या मागची गळती खरोखरच बंद झाली, हे आमच्या आळीत आजही सांगतात. पुढच्या खेपेस त्यांना उमेदवारी मिळाली नाही, याचे कारण पक्षश्रेष्ठींनी ‘अनुभवाचा अभाव’ असे दिले होते.

तत्त्वनिष्ठेच्या बाबतीतही आपला हात धरणारा कोणी नाही. नगराध्यक्षाची थेट जनतेतून निवड २०१६ साली आली, तेव्हा आपण तिला लोकशाहीचा विजय म्हणालात. २०२० साली ती रद्द झाली, तेव्हा सामुदायिक नेतृत्वाचा विजय म्हणालात. २०२२ साली ती परत आली, तेव्हा पुन्हा लोकशाही विजयी झाली. कायदे आले आणि गेले. आपला हार घालून घेण्याचा उत्साह अविचल राहिला. तीच गोष्ट निधीची. १९९९ साली नगरपालिकांची जकात उठल्यापासून या संस्था शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून असतात, आणि वित्त आयोगाचा जो हिस्सा मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबाने आपोआप यावयाचा, तोही आपण मंत्रालयातून ‘खेचून आणला’ असे फलकावर वाचून, आम्ही जन्मास येऊन लोकसंख्या वाढविली नसती तर आपण काय खेचले असते, असा उद्धट विचार मनात येतो व मी तो तत्काळ दडपून टाकतो.

परंतु एक विचार दडपता दडपत नाही. मागील मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. आपण, आपला अनुभव आणि आपले सर्व सहकारी वर्षामागून वर्षे सभागृहाबाहेर राहिलात. त्या अवधीत गावाचे काय व्हावयास हवे होते? पाणी पूर्वी तिसऱ्या दिवशी येत असे, ते तिसऱ्याच दिवशी येत राहिले. कचऱ्याची गाडी पूर्वी ज्या वळणावरून परत फिरे, त्याच वळणावरून परत फिरली. एवढा मोठा अनुभव काढून घेतला आणि नळाला कळलेसुद्धा नाही! न्यायाने हेही लिहितो की, रात्री-बेरात्री जलवाहिनी फुटली असता दार ठोठावावयास त्या दिवसांत कोणी उरले नव्हते, आणि आपले दार, मग त्यापुढे काही होवो वा न होवो, उघडत असे. प्रशासकाच्या कचेरीत अर्जाला आवक क्रमांक मिळे. आपल्याकडे निदान शिव्या तरी ऐकून घेतल्या जात. हे ऋण मी विसरत नाही.

लॉर्ड रिपनने १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, तो या संस्था लोकांना राजकीय शिक्षण देतील या अपेक्षेने. त्या शाळेत आपण पंचवीस वर्षे बसलात हे निर्विवाद. एकाच इयत्तेत बसलात की वर चढलात, एवढेच पाहणे राहिले. त्या ठरावाच्याही आधी, १८७६ साली, पुणे नगरपालिकेत सभासद म्हणून गेलेले जोतीराव फुले हे स्वतः कंत्राटदारीचा व्यवसाय केलेले गृहस्थ होते. खडी, चुना आणि देयके यांचा त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा उणा नव्हता. गव्हर्नर-जनरल लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून नगरपालिकेने त्यांच्या स्वागतावर खर्च करावा असा प्रस्ताव आला, तेव्हा त्या सभागृहात एकट्या फुल्यांनी विरोध नोंदविला. ठेक्याचे गणित पुरते ठाऊक असलेला सभासद त्या ज्ञानाचा असाही उपयोग करू शकतो, हे आपल्या प्रचारपत्रकात कोठे आढळले नाही म्हणून सहज स्मरण दिले.

तेव्हा विनंती अशी की, फलकावरील छायाचित्रे आहेत तशीच राहू द्यावीत. आपल्या मागील मुदतीतील सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांच्या नकला मात्र गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या मेजावर मतदानापूर्वी ठेवाव्यात. आपण कोणत्या ठरावाचे सूचक होता, कोणत्या विषयावर प्रश्न विचारला आणि कोणत्या विषयाला विरोध नोंदविला, हे त्यांत तारीखवार लिहिलेले असते. त्यांत आपला एक विरोध सापडला तरी माझे मत आपले. आपणास सवड न झाल्यास हरकत नाही. माहितीच्या अधिकाराखाली त्याच नकलांसाठी मी अर्ज दिला असून शुल्कही भरले आहे, आणि मुख्याध्यापिकाबाईंनीही तसाच अर्ज दिल्याचे कळते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक घरपट्टीदार